क्लचचा पाय

सूर्य कासराभर वर आला तरी सुरेशच्या गाडीचा पत्ता नव्हता. अंबरीश फाटकाजवळच्या खाटेवर कुबडी मांडीवर आडवी घेऊन बसला होता आणि रातीबडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होता. धूळ उठली की मान उंच करी. दुधवाल्याची मोटारसायकल निघून जाई, धूळ खाली बसे आणि त्याची मानही.

मागे नर्सरीत त्याची बायको सोनल आणि आई लीलावती पाणी वाहत होत्या. बोअरनं चैत्रातच दगा दिला होता. आधी गढूळ पाणी आलं, मग चिखल, मग पाइपातून नुसता वारा. तेव्हापासून अर्ध्या कोसावरच्या मीणांच्या विहिरीवर टाकी भरायची आणि सुरेशच्या भाड्याच्या पिकअपमधून आणायची, असं चाललं होतं. सुरेश आला तर टाकी, नाही आला तर डोक्यावर हंडा आणि हातात बादली.

"अंबू, थो काई येत नाही आता," लीलावती कमरेवरचा हंडा खाली ठेवत म्हणाली. सत्तरी उलटलेली बाई, पण वर्ध्याकडची बोली आणि वर्ध्याकडची चाल दोन्ही तशाच होत्या. "फोन लाव त्याले."

"लावला. बंद आहे."

"मग बसून काय करून राहिला? जाळी तरी ओढ मोगऱ्यावर."

तो उठला. कुबडी काखेत घेतली. हिरव्या जाळीची दोरी ओढायला दोन हात लागत होते आणि एक हात कुबडीला अडकलेला. त्यानं दोरी दातात धरली. सोनलनं येताना ते पाहिलं, बादली ठेवली आणि दोरी त्याच्या तोंडातून काढून घेतली.

अंबरीश लांजेवारचं घर तिसऱ्या पिढीचं भोपाळकर. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर कारकून म्हणून आले. वडिलांनी नोकरी करता करता रातीबडच्या पुढे हा तुकडा घेतला आणि हौस म्हणून गुलाबाची कलमं बांधली. अंबरीशनं त्या हौसेची भाकरी केली. मोगरा, जास्वंद, कण्हेर, कुंड्या, शेणखत, आणि मागच्या बांधाला रांगेनं उभे असलेले वडिलांच्या हातचे बाटलीताड. शहरातल्या बंगल्यांत त्याचा माल जाई, आणि माल नेणारी गाडी होती ती त्याचीच, जुनी चारचाकी, तोच चालवायचा.

होळीच्या सुमारास तीच गाडी मोरीवर कलली. गिऱ्हाइकाच्या बागेसाठी नेत असलेली पाण्याची टाकी अर्धी भरलेली होती. वळणावर आतलं पाणी एका अंगाला धावलं आणि गाडी त्याच्यामागं गेली. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी सळई घातली, हाड सांधलं. गाडी भंगारात गेली. पाय उभा राहिला, पण घोट्याखाली कुणी परकं माणूस राहायला आल्यासारखा झाला. चप्पल निघून पडली तरी त्याला चार पावलं पुढं गेल्यावर कळायचं.

*

"मोठीच घ्यायची," दुपारी जेवताना तो म्हणाला. "एकदाच घ्यायची, पण लांब हौद्याची. हजार लिटरची टाकी बसली पाहिजे. ताड आडवे झोपले पाहिजेत. पावसाळ्यात फार्महाउसवाल्यांची ऑर्डर येईल तेव्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायला नको."

पैसे जेमतेम एका गाडीपुरते होते. चुकली तर दुसरी घेता येणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही.

सोनलनं भाकरी मोडली. "रोज ताड जातात का आपले?"

"रोज नाही जात."

"रोज काय जातं मग? कुंड्या जातात. खत जातं. अशोका गार्डन वस्तीच्या गल्ल्यांत जातं, जिथे स्कूटर उभी असली की रस्ता बंद. तिथं ही लांब गाडी फिरवणार कशी?"

"फिरवीन ना."

सोनलचा हात थांबला. तिनं त्याच्या पायाकडं पाहिलं नाही, पण बघायचं टाळलं हे त्याला दिसलं.

"चालवणार कोण, एवढंच विचारते मी."

"मीच. दुसरं कोण? पावसाळ्यापर्यंत होतो मी फिट."

लीलावतीनं ताटात आणखी वरण वाढलं. दोघांच्याही.

जेवून बाया आडव्या झाल्या तेव्हा तो कुंड्यांच्या ढिगामागं गेला. एक रिकामी कुंडी पालथी घालून तिच्यावर बसला. पुढ्यात क्लचच्या जागी वीट ठेवली आणि डावं पाऊल तिच्यावर टेकवलं. दाबलं. वीट सरकली की पाय घसरला, ते त्याला डोळ्यांनी बघावं लागत होतं. डोळे मिटले की पाऊल विटेवर आहे की मातीवर, काही उमजत नव्हतं. तरी तो करत राहिला. दाब, सोड. दाब, सोड. मांडीत कळ उठली, गळ्याखालून घाम पोटावर उतरला. उठताना पाहिलं तर करंगळीजवळ विटेच्या कोपऱ्यानं चामडी सोलली होती आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. त्यानं त्यावर माती दाबली आणि मोजा चढवला.

*

होशंगाबाद रोडवरच्या शोरूमला जायला निघाले तेव्हा सोनलनं मातीनं भरलेली एक कुंडी बरोबर घेतली.

"हे काय? त्या माणसाला भेट देणार आहेस?"

"असू द्या."

बसमध्ये ती कुंडी मांडीवर घेऊन बसली. लोक बघत होते. अंबरीश खिडकीबाहेर बघत राहिला, जणू ही बाई त्याच्याबरोबर नाहीच.

शोरूममध्ये सौरभ नावाचा विक्रेता होता, पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र. त्यानं मोठी पांढरी पिकअप दाखवली. अंबरीश तिच्याभोवती फिरला. चाक उंच, नाक रुंद, हौदा एवढा लांब की चार माणसं पाय पसरून झोपतील. त्यानं फाळक्यावर थाप मारली. भरीव आवाज आला. अपघातानंतर त्याला स्वतःच्या हाताचा असा आवाज ऐकू आला नव्हता.

"सर, ये गाड़ी आपके काम की है," सौरभ म्हणाला.

"भैया, जरा फट्टा खोलना," सोनल म्हणाली.

फाळका उघडला. तिनं कुंडी दोन्ही हातांनी उचलली. हौद्याची कड तिच्या छातीशी येत होती. कुंडी छातीवर टेकवली, मग हनुवटीनं रेटली, टाचा उचलल्या, तेव्हा कुठं ती कडेवर चढली. माती तिच्या गळ्यात सांडली, थोडी त्या पांढऱ्या पत्र्यावर. शोरूमचा झाडूवाला उठून आला. सोनलनं पदरानं गळा पुसला.

"दिवसातून अशा किती चढवते मी," ती नवऱ्याला म्हणाली, हळू आवाजात. "तुम्ही बघता ना."

"दोन माणसं लावू चढवायला."

"कोणती माणसं?"

त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. सौरभला म्हणाला, "चला के देखते हैं."

तो सीटवर चढला. चढायला कुबडी नडत होती, ती सोनलकडं दिली. ती मधे बसली, सौरभ दाराशी. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालली. गियर बदलताना अंबरीश खाली पायाकडं एक नजर टाकी आणि मग रस्त्याकडं बघे. सौरभच्या ते लक्षात आलं असावं, कारण तो बोलायचा थांबला. हबीबगंजच्या पुलाच्या चढावर पुढं सिटी बस थांबली. अंबरीशनं गाडी थांबवली. बस हलली. त्यानं क्लच सोडत गाडी उचलायला घेतली आणि पाऊल पेडलच्या कडेवरून निसटलं.

गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. मग मागं सरकू लागली. मागून हॉर्न सुरू झाले. अंबरीश पेडल शोधत होता, पायानं, आणि पाय काहीच सांगत नव्हता. उजवा पाय त्या गडबडीत ब्रेकवर जायचा विसरला. सोनलनं त्याच्या मांडीवर हात दाबला होता, बोटं रुतेपर्यंत. सौरभनं तिच्यावरून आडवं होऊन हातब्रेक ओढला.

गाडी थांबली. मागच्या रिक्षावाल्यानं काच वाजवून दोन शब्द सुनावले. सौरभ उतरला, पलीकडून आला आणि दार उघडून अदबीनं म्हणाला, "सर, आप उधर आ जाइए. मैं ले चलता हूँ."

सगळ्या पुलासमोर अंबरीश खाली उतरला. कुबडी आतच होती. गाडीचा पत्रा धरत धरत, एका पायावर, तो पुढून वळसा घालून गेला. पत्रा तापलेला होता.

शोरूममध्ये परतल्यावर सौरभनं पाणी दिलं आणि वहीत काही लिहिल्यासारखं करत विचारलं, "सर, वैसे गाड़ी चलाएगा कौन? ड्राइवर रखेंगे?"

"हाँ," अंबरीश म्हणाला. "ड्राइवर है."

कोपऱ्यात एक छोटी, बॅटरीवर चालणारी पिकअप उभी होती. निघताना सोनलनं आपली कुंडी उचलली आणि जाता जाता त्या गाडीच्या हौद्यात टेकवली. हौदा तिच्या कमरेला येत होता. कुंडी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"इसमें क्लच नहीं है मैडम," सौरभ म्हणाला. "गियर भी नहीं."

"ते खेळणं आहे," अंबरीश मराठीत म्हणाला आणि दाराकडं चालू लागला.

*

घरी आल्यावर त्यानं ठरवूनच टाकलं. मोठी घ्यायची आणि सुरेशला पगारी ठेवायचं. सुरेश आता तरी रोज येईल. सोनलनं ऐकून घेतलं. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली आणि विहिरीकडं गेली.

लीलावती तांदूळ निवडत होती. "भांडली नाही, याचा अर्थ कबूल झाली असा नाही हं," ती म्हणाली.

"मग काय करू मी? घरात बसू?"

"मी कुठं म्हटलं." तिनं एक खडा वेचून बाहेर फेकला. "तुझ्या बापाले शेवटी शेवटी दिसत नव्हतं. कलम बांधायचा तरी. मी फांदीवरला डोळा दाखवून द्यायची, थो चाकू चालवायचा. तेवढंबी त्याच्या मनाले लागायचं. पण बांधायचा."

त्या आठवड्यात मोगऱ्याची मोठी खेप शाहपुऱ्याला जायची होती. लेकरासारखा वाढवलेला मोगरा. पाण्याची मारामार असताना सोनलनं आधी त्याला घातलं, मग बाकीच्यांना. रोपं चढवताना अंबरीशनं सुरेशला बजावलं, "ओलं गोणपाट टाकून बांध. हळू ने. लू चालू आहे, गरम वारं." सुरेश हो हो म्हणाला. अंबरीश पुढं बसणार होता, पण पायाला सूज होती आणि सुरेशचा एक मित्र आधीच पुढं बसलेला होता.

संध्याकाळी गाडी भरलेलीच परत आली. गोणपाट खाली घडी करून ठेवलेलं होतं, कोरडं. सुरेशनं वाटेत दुसरंही एक भाडं केलं होतं आणि उशीर भरून काढायला गाडी हाकली होती. पानं कडेनं काळी पडून वळली होती. कळ्या हात लावताच गळत होत्या. शाहपुऱ्याच्या गिऱ्हाइकानं बघूनच परत पाठवलं होतं.

सोनल हौद्याजवळ उभी राहिली. एक रोप उचललं, खाली ठेवलं, दुसरं उचललं. चौथ्या-पाचव्या रोपाला तिनं हात लावलाच नाही. ओट्यावर जाऊन बसली आणि पायांतल्या भेगांकडं बघत राहिली.

"तुला सांगितलं होतं ना," अंबरीशचा आवाज चढला. "ढक के ले जाना बोला था ना मैंने. जानवर है क्या तू?"

सुरेश टायरला टेकून तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही. "इतनी फिकर है तो खुद चला लो, भाईसाहब."

तो अपमान करायला म्हणाला नव्हता. थकलेला माणूस म्हणतो तसं म्हणाला आणि रोपं उतरवायला लागला. अंबरीश उभा होता तसाच उभा राहिला.  मग कुबडी टेकत मागच्या बांधाकडं गेला आणि अंधार पडेपर्यंत ताडांच्या बुंध्याशी बसून राहिला. आईनं चहा पाठवला, तो तिथंच गार झाला.

*

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो बस धरून शोरूमला गेला. सौरभनं ओळखलं. मोठ्या गाडीची किल्ली आणायला वळला तेव्हा अंबरीश म्हणाला, "वो नहीं. छोटीवाली."

बसायला सोपी होती. सीट खुर्चीच्या उंचीची. खाली दोनच पेडलं, दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला तिथं काही कामच नव्हतं. तो एका बाजूला नुसता ठेवायचा होता, प्रवाशाची पिशवी ठेवावी तसा. अंबरीशला वाटलं होतं, हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. वीस वर्षं ज्या पायानं गाड्या चालवल्या तो असा बाजूला पडलेला बघून तो बराच वेळ खाली वाकून सीट मागेपुढे करत राहिला.

मग त्यानं गाडी त्याच पुलावर नेली. चढावर मुद्दाम थांबवली. ब्रेक सोडला, उजवा पाय दाबला. गाडी आवाज न करता वर चढली.

"हजार लिटर की टंकी?" त्यानं विचारलं.

सौरभनं मान हलवली. "पाँच सौ लीटर वाली ले जाइए, सर. पूरी भर के. दो चक्कर लगाना पड़ेगा. और ये लंबा माल, पाम-वाम, नहीं आएगा. मैं झूठ बोल के नहीं बेचूँगा. रात में चार्जिंग भी याद रखनी पड़ेगी."

घरी येऊन तो सोनलजवळ गेला. ती जळलेल्या मोगऱ्याच्या फांद्या छाटत होती, बुंध्यातून फुटतील या आशेवर.

"ताड काढून टाकू," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "का?"

"त्या गाडीत बसत नाहीत."

तिला समजायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली, "बाबांनी बियाण्यापासून केले होते ते."

"माहीत आहे."

"फार्महाउसवाले?"

"दुसरीकडून घेतील." तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. बसताना डावा पाय हातानं उचलून पुढं ठेवावा लागला. आजवर तो हे तिच्यादेखत करत नसे. "सोनल, पायाला कळतच नाही मला. अजिबात नाही. पुलावर तू होतीस म्हणून..." 

तिनं कात्री खाली ठेवली. त्याचा मोजा काढला. करंगळीजवळची जखम चिघळली होती. ती बघून तिनं डोळे मिटून घेतले, पण बोलली एवढंच, "आईंना हळद आणायला सांगते."

नीलबडचा प्रसाद नावाचा नर्सरीवाला ताड घ्यायला आला. त्याचा ट्रक बांधापर्यंत आला नाही, म्हणून माणसांनी झाडं खांद्यावर नेली. एकेक ताड मुळाशी माती बांधून आडवा होताना जमीन हलकेच हादरायची. लीलावती घरातून बाहेर आलीच नाही. अंबरीश मात्र शेवटपर्यंत उभा होता. "झावळ्यांना ओलं पोतं बांधा. वरचा कोंब मोडला तर झाड गेलं," असं सांगत होता आणि माणसं ऐकत होती. ट्रक गेल्यावर बांधाला ओळीनं खड्डे उरले. मागचं शेत, शेतामागची टेकडी, सगळं एकदम उघडं दिसू लागलं. ऊन सरळ मोगऱ्यावर येऊ लागलं. जाळी आणखी वाढवावी लागली.

*

गाडी आली. लायसन्सवर बिनक्लचच्या गाडीचा शेरा मारून घ्यायला डॉक्टर आणि कचेरी अशा चकरा झाल्या, तोवर ती फाटकात उभी होती. मग पाणी सुरू झालं. पहिल्या काही दिवसांत दोन खेपांनी भागलं नाही, तीन कराव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला अंबरीशची कंबर धरायची. पण पाणी सकाळी यायचं, ज्या वेळेला हवं त्या वेळेला.

मोगऱ्याची वाचलेली रोपं आणि जास्वंदाच्या कुंड्या घेऊन दोघं शाहपुऱ्याला निघाली ती जूनच्या एका सकाळी. सोनलनंच माल चढवला होता, कमरेच्या उंचीवर, आणि गोणपाट भिजवून बांधलं होतं. अंबरीश गाडी हळू चालवत होता. मागचे लोक हॉर्न देत होते.

तळ्याजवळच्या कॉलनीत तो घराचा नंबर शोधत एका फाटकाशी थांबला. फाटक उघडून एक बाई लगबगीनं आली. हातात दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबलेला होता. तिनं गाडीकडं नीट बघितलंही नाही. गोणपाटाची कड वर करून हिरवी बादली हौद्यात पालथी केली. कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी.

सोनल ताडकन दार उघडून उतरायला निघाली. अंबरीशनं तिचं मनगट धरलं.

बाई आता निळी बादली उचलत होती. तो खिडकीतून वाकला. "बहनजी, सूखा नहीं. सिर्फ़ गीला लेते हैं."

बाईनं मोबाइल कानापासून काढला. मग गोणपाटाखालची कुंडी तिला दिसली, तिच्यातलं लाल जास्वंद दिसलं, आणि तिचा चेहरा उतरला. "अरे... सॉरी भैया. मुझे लगा कचरे वाली..."

"कोई बात नहीं. खाद बन जाएगी."

ती काही म्हणणार होती, पण बादली घेऊन मागं सरली आणि फाटक लावून घेतलं. अंबरीश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सोनलला वाटलं, आता हा गाडी वळवणार आणि पुन्हा शहरात येणार नाही.

ती उतरली, मागं गेली. कुंड्यांवर पडलेली सालं एकेक उचलून खताच्या पोत्याशेजारी कोपऱ्यात गोळा केली, हात साडीला पुसले आणि परत येऊन बसली.

"कलिंगड गोड होतं," ती म्हणाली. "मुंग्या लागल्यात आतापासूनच."

त्यानं गाडी सुरू केली. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, तर त्याच्या ओठाचा कोपरा थरथरत होता. तो हसू दाबत होता की दुसरं काही, हे तिला कळलं नाही.

पुढच्या फाटकात आणखी एक बाई बादली घेऊन उभी होती. गाडी बघून तिनं हात वर केला. अंबरीशनं खिडकीची काच पूर्ण खाली घेतली, गाडी तिच्यासमोर उभी केली आणि तिनं तोंड उघडायच्या आत, घसा खाकरून, मोठ्यानं म्हणाला,

"मोगरा है, जास्वंद है. कौनसा दूँ?"